घरच्या भांडणात परक्याची फौज

श्रोतेहो, बातम्या ऐकताना एक वाक्य आपल्या कानांवरून वारंवार जाते. अमुक देशात यादवी चालू असून तमुक राष्ट्राने तेथे आपले सैन्य उतरवले आहे. सैन्य धाडणारा म्हणतो, ‘मला बोलावले म्हणून मी गेलो.’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘ही सरळ सरळ चढाई आहे.’ ऐकणारा बुचकळ्यात पडतो. खरे कोणाचे धरावे? देश दूरचा, नावे तोंडात न बसणारी, नकाशा हाताशी नाही. मग आपण बातमी ऐकतो आणि सोडून देतो.

पण मंडळी, हा विषय समजून घ्यायला सातासमुद्रांपलीकडे जावे लागत नाही. आपण चंद्रपूर-गडचिरोलीच्या ज्या मुलखात राहतो, त्या मुलखाचे राज्य अशाच रीतीने दोनदा हातचे गेले आहे. पहिल्यांदा गोंड राजांचे गेले, दुसऱ्यांदा भोसल्यांचे. दोन्ही वेळा मुळाशी घरचे भांडण होते आणि दोन्ही वेळा बाहेरची फौज आत आली होती. तेव्हा आधी घरची हकीकत पाहू आणि मग जगाकडे वळू.

प्रथम शब्दाचा अर्थ. ‘यादवी’ हा शब्द आपल्याला यादवांच्या कुळाने दिला. प्रभासक्षेत्री यादव आपापसांत लढले आणि कुळच्या कुळ संपले. तेथे बाहेरचा शत्रू कोणी नव्हता. एकाच राज्यातील लोक सत्तेसाठी हत्यारे घेऊन समोरासमोर उभे राहतात, त्याला यादवी म्हणावे. आता या भांडणात बाहेरचा कोणी एका बाजूने उतरला, म्हणजे काय होते? याचेही उदाहरण आपल्या आजीबाईंनी आपल्याला सांगितलेले आहे. किष्किंधेत वाली आणि सुग्रीव हे भाऊ भाऊ भांडले. सुग्रीवाने रामाशी सख्य केले आणि रामाच्या बाणाने वाली पडला. पडता पडता वालीने जो प्रश्न केला तो मोठा मोलाचा आहे. तुझे माझे काही वैर नसताना तू मध्ये का आलास, असा त्याचा भाव होता. रामाने दिलेले उत्तर कोणाला पटते, कोणाला पटत नाही. त्यावर शेकडो वर्षे चर्चा चालू आहे. परंतु एक गोष्ट सगळेच मान्य करतात. रामाने किष्किंधा स्वतःकडे ठेवली नाही. सुग्रीवाला गादी दिली, वालीच्या मुलाला, अंगदाला, युवराज केले आणि आपण नगरात पाऊलही न टाकता बाहेर डोंगरावर पावसाळा काढला. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता इतिहासाकडे येऊ. अठराव्या शतकाच्या आरंभी आपल्या या भागात दोन मोठी गोंड राज्ये होती. एक चांद्याचे आणि दुसरे देवगडचे. देवगड आज मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात आहे. तेथला राजा बख्त बुलंदशहा हा औरंगजेबाच्या काळातला. त्याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानीच नागपुरास आणली, गावाभोवती कोट घातला आणि तलाव बांधला. तो जुम्मा तलाव म्हणजेच आजचा गांधीसागर. म्हणजे नागपूर शहराचा पाया गोंड राजांनी घातलेला आहे, हे आपल्या शाळांतल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.

१७३९ च्या सुमारास चांद सुलतान वारला. गादीवर कोणी बसायचे याचा वाद पेटला. बख्त बुलंदाचा एक अनौरस मुलगा वलीशहा याने गादी बळकावली. चांद सुलतानाची राणी रतनकुंवर आणि तिचे मुलगे बुऱ्हाणशहा व अकबरशहा यांचा हक्क डावलला गेला. राणीने काय करावे? दरबार फुटलेला, सैन्य वलीशहाच्या हाती. शेजारी वऱ्हाडात रघूजी भोसले आपली फौज घेऊन होता. शाहू छत्रपतींनी त्याला सेनासाहेबसुभा हे पद दिलेले होते. राणीने त्याला निरोप धाडला.

रघूजी आला. त्याने वलीशहाचा पाडाव केला, राणीच्या दोन्ही मुलांना गादीवर बसवले आणि भरघोस मोबदला घेऊन तो वऱ्हाडात परत गेला. राणीने त्याला आपला तिसरा मुलगा मानले आणि राज्याचा तिसरा वाटा दिला, असेही सांगितले जाते. येथवर सारे ठीक दिसते, नाही का? न्याय झाला, हक्कदाराला हक्क मिळाला, मदतीला आलेला माघारी गेला. रघूजीचे हे पहिले येणे आणि जाणे पाहून त्या वेळच्या कोणालाही वाटले असते की, बरे झाले.

पण आता खरी गोष्ट सुरू होते. थोड्याच वर्षांत त्या दोन भावांचे आपसात बिनसले. एकमेकांशी बसून तंटा मिटवण्याऐवजी पुन्हा बाहेरची वाट धरली गेली. वाट एकदा पडली म्हणजे पाय तिकडेच वळतात. १७४३ मध्ये बुऱ्हाणशहाच्या बोलावण्यावरून रघूजी पुन्हा आला. अकबरशहाला देश सोडून हैदराबादेकडे जावे लागले. आणि या खेपेस रघूजी परत गेला नाही. हाती आलेला मुलूख दुसऱ्यांदा सोडण्याचे त्याला कारण उरले नव्हते. त्याने नागपुरास आपली गादी मांडली. बुऱ्हाणशहा राजा राहिला, पण तो नावाचा. किल्ला, मान, पदवी आणि नेमणूक त्याच्याकडे. वसूल, फौज आणि न्याय रघूजीकडे.

यात एक बारकावा आहे. रघूजीने गोंड राजाला गादीवरून खाली ओढले नाही, उलट त्याचा मान जपला. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याभिषेकाच्या वेळी गोंड राजाने टिळा लावावा, असा रिवाज पडला. हे केवळ भलेपणाने झाले काय? तसे नाही. हा मुलूख गोंड राजाचा आहे आणि मी त्याच्या वतीने तो सांभाळतो, असे म्हणता आले म्हणजे पेशव्यांनाही त्यावर हक्क सांगणे जड जाई. मूळ धन्याचे नाव पुढे ठेवून सत्ता आपण चालवायची, ही युक्ती पुढे इंग्रजांनी हिंदुस्थानभर वापरली. आणि आजही परकी फौज ज्या देशात असते, तेथे गादीवर त्याच देशाचा माणूस बसलेला दिसतो. तेव्हा गादीवर कोण बसले एवढेच पाहू नये. तिजोरीची किल्ली आणि फौजेची दोरी कोणाकडे आहे ते पाहावे.

आता चांद्याकडे या. येथे वीरशहाची राणी हिराई हिचे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. महाकालीचे देऊळ आणि पतीची समाधी तिने बांधली. तिच्यानंतर रामशहा आणि त्यानंतर १७३५ मध्ये नीळकंठशहा गादीवर आला. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात याच्याविषयी चांगले लिहिलेले नाही. त्याने बापाच्या विश्वासातील माणसे दूर केली, दिवाण महादजी वैद्य याला ठार मारले आणि रयतेला पिळून काढले. याशिवाय त्याने आणखी एक गोष्ट केली. शेजारच्या देवगडच्या भांडणात त्याने हात घातला.

म्हणजे पाहा, देवगडच्या यादवीत रघूजी हा एकटाच बाहेरचा नव्हता. चांदेकरही तेथे पोहोचले होते. शेजारच्या घराला आग लागली असता एकाने पाणी नेले की तेल नेले, हे बाजूला ठेवू. पण ती आग चांद्यापर्यंत आली हे खरे. रघूजीच्या फौजा चांद्यावर आल्या तेव्हा रयत आणि सरदार राजाच्या पाठीशी नव्हते. एवढा बळकट परकोट, पण शहर फितुरीने पडले. १७४९ मध्ये नीळकंठशहाला करार करावा लागला आणि वसुलाचा दोन तृतीयांश हिस्सा भोसल्यांना द्यावा लागला. दोनच वर्षांनी, १७५१ मध्ये, उरलेला तिसरा हिस्साही गेला आणि राजा कैदेत पडला. चांद्याचे गोंड राज्य संपले.

ही हकीकत सांगताना मला आपल्या गोंड बांधवांची आणि मराठी बोलणाऱ्या इतर मंडळींची, दोघांचीही आठवण ठेवावी लागते. कारण आपल्याकडे मराठ्यांच्या इतिहासातली फौज म्हणजे ‘आपली’ फौज, असे शिकवण्याची सवय आहे. रघूजी पराक्रमी होता, यात संशय नाही. त्याने मुलूख राखला, शेतकरी आणून वसवले, नागपूर वाढवले. परंतु चांद्याच्या किंवा देवगडच्या राजवाड्यातून पाहिले तर तो बाहेरून आलेला होता. परका कोण हे भाषेवरून, धर्मावरून किंवा जातीवरून ठरत नसते. ज्या राज्याचे भांडण आहे त्या राज्याच्या बाहेरून जो हत्यार घेऊन येतो, तो त्या भांडणापुरता परका. पुढे सुव्यवस्था लागली म्हणून आधीचे घेणे न्यायाचे ठरते असेही नाही. तसे म्हटले तर इंग्रजांनीही रेल्वे आणली आणि कचेऱ्या बसवल्या. म्हणून काय आपण त्यांचे राज्य कबूल केले?

आणि भोसल्यांवरही तीच पाळी आली. १७५५ मध्ये रघूजी वारला. चार मुलगे : जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी. जानोजी की मुधोजी, हा वाद पेशव्यांच्या दरबारात गेला. जानोजीला सेनासाहेबसुभा केले आणि मुधोजीकडे चांदा आला. १७७२ मध्ये जानोजी वारला. त्याने मुधोजीच्या मुलाला, म्हणजे दुसऱ्या रघूजीला, दत्तक घेतले होते. तरी साबाजी आणि मुधोजी यांच्यात तीन वर्षे झुंज चालली. एकाने पुण्याकडे पाहावे, दोघांनीही निजामाचे मन वळवावे, बाहेरच्या पलटणी कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला. शेवटी जानेवारी १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगाव येथे लढाई झाली आणि मुधोजीच्या हातून साबाजी मारला गेला. भावाने भावाला मारले. या तीन वर्षांत दोन्ही बाजूंच्या फौजा ज्या शेतांतून गेल्या, त्या शेतकऱ्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही. पण यादवीचे बिल शेवटी त्याच्याच नावावर फाडले जाते.

योगायोग असा की, त्याच १७७५ सालच्या मार्चमध्ये तिकडे सुरतेस पुण्याचे रघुनाथराव इंग्रजांशी तह करत होते. पेशवेपद मिळवून द्या, साष्टी आणि वसई घ्या, असा तो व्यवहार. सात वर्षे युद्ध चालले. वडगावला जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांनी सपाटून मार खाल्ला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने रघुनाथराव नेमणुकीवर बसले. त्यांना पेशवेपद मिळालेच नाही. साष्टी मात्र इंग्रजांकडे राहिली. बोलावणाऱ्याच्या हाती काही न येता आलेल्याच्या हाती काहीतरी राहते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण सापडायचे नाही. त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव याने हाच धडा उलटा गिरवला. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पराभव केल्यावर तो वसईस पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह करून बसला. सहा हजारांची तैनाती फौज कायमची पुण्याच्या मुलखात ठेवायची आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा. पेशवाई तेव्हाच गेली. १८१८ मध्ये फक्त तिचा दाखला निघाला.

नागपुरात काय झाले? मार्च १८१६ मध्ये दुसरा रघूजी वारला. त्याचा मुलगा परसोजी आजाराने पंगू झालेला होता. राज्यकारभार कोणी चालवायचा? राजवाड्यातील एक पक्ष एका बाजूला, चुलतभाऊ अप्पासाहेब दुसऱ्या बाजूला. अप्पासाहेबाने आपली बाजू भक्कम करण्यासाठी इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स याचा हात धरला. मे १८१६ मध्ये रात्रीच्या वेळी, गुपचूप, तैनाती फौजेच्या तहावर सही झाली. फौज इंग्रजांची, खर्च नागपूरचा. पुढे फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी बिछान्यात मेलेला आढळला, तेव्हा अप्पासाहेब आपल्या चांद्यात होता. लोकांचा संशय कोणावर गेला हे सांगायला नको. अप्पासाहेब राजा झाला आणि मग त्याच्या ध्यानात आले की ज्या फौजेला आपण आणले ती आता आपल्यावर पहारा करते आहे. त्याने ती उलथून टाकण्याचा प्रयत्न केला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि तो हरला. मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्सने चांद्याच्या किल्ल्याला वेढा दिला. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला आणि वीस मे रोजी चांदा इंग्रजांच्या हाती गेला. गादीवर एका अज्ञान मुलाला बसवले आणि कारभार इंग्रजांनी पाहिला. त्याच राजाला, तिसऱ्या रघूजीला, १८५३ मध्ये औरस वारस न ठेवता मरण आले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले.

१७४३ मध्ये रघूजीने बुऱ्हाणशहाला जसे नावाचे राजे केले, तसेच १८१८ मध्ये इंग्रजांनी रघूजीच्या वंशजाला केले. मी हे सूड उगवला म्हणून सांगत नाही. राजवंश बदलले, फौजेचा गणवेश बदलला, पण यंत्र तेच राहिले. आता ते यंत्र कसे चालते, ते उकलून पाहू.

आपल्या झाडीपट्टीतले उदाहरण घ्या. पूर्वी मालगुजारीच्या दिवसांत तलावाचे पाणी कोणाच्या बांधीत आधी जायचे यावरून भावाभावांत वाद होत. समजा, धाकट्याने दुसऱ्या गावचे दहा लाठीवाले बोलावले. ते आले, पाणी वळवले, धाकट्याचे धान पिकले. पण लाठीवाल्यांना जेवण कोण घालणार? आणि ते परत गेले तर थोरला गप्प बसेल काय? म्हणून धाकटाच त्यांना म्हणतो, आणखी चार दिवस राहा. इकडे थोरला तिसऱ्या गावचे लाठीवाले आणतो. मग धुऱ्यावर भांडण दोन भावांचे उरत नाही, दोन गावांचे होते. भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी, ही म्हण आपल्याला ठाऊक आहेच. पण ओसरी मुळात का दिली, हे त्या म्हणीत नाही. ती दिली जाते घरातल्या भांडणामुळे.

राज्यांच्या बाबतीत हेच पाच पायऱ्यांनी घडते. पहिली पायरी, वारसाचा किंवा सत्तेचा वाद मिटवण्याचा सर्वांनी मानलेला नियम नसतो. दुसरी पायरी, जो पक्ष दुबळा पडतो तो बाहेर हाक मारतो. तिसरी पायरी, बाहेरचा येतो. कारण त्याचाही स्वार्थ असतो. मुलूख, वसूल, व्यापार, किंवा ‘मी गेलो नाही तर माझा वैरी जाईल’ ही भीती. चौथी पायरी, जय झाला तरी जिंकलेला राजा आपल्याच लोकांच्या नजरेतून उतरतो. लोक म्हणतात, हा परक्याच्या जोरावर बसला आहे. म्हणून त्याला परक्याची फौज घालवता येत नाही. आणि पाचवी पायरी, फौजेचा खर्च वाढतो, तो भागवण्यासाठी आणखी मुलूख किंवा आणखी हक्क द्यावे लागतात, आणि शेवटी घर पाहुण्याचे होते. बोलावणारी रतनकुंवर दुष्ट नव्हती. तिच्यावर अन्यायच झाला होता. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. हाक खरी असते, दुःख खरे असते, आणि तरीही पुढचे सारे असे घडते.

आता जगाकडे पाहू. स्पेनमध्ये १९३६ ते १९३९ यादवी झाली. लोकांनी निवडलेल्या सरकारविरुद्ध जनरल फ्रँको आणि इतर सेनापती उठले. फ्रँकोच्या मदतीला जर्मनी आणि इटली, सरकारच्या मदतीला रशिया. इंग्लंड-फ्रान्सने पुढाकार घेऊन ‘मध्ये पडायचे नाही’ म्हणून लंडनला सत्तावीस राष्ट्रांची समिती नेमली. समितीत जर्मनी, इटली आणि रशियाही बसले होते आणि इकडे त्यांची विमाने-रणगाडे स्पेनमध्ये चालू होते. २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका या गावावर जर्मन-इटालियन विमानांनी बाँब टाकले. फ्रँको जिंकला आणि १९७५ पर्यंत सत्तेवर राहिला. कागदावरचा अलिप्तपणा आणि प्रत्यक्षातला अलिप्तपणा यांत केवढे अंतर असते, ते येथे दिसले.

व्हिएतनाममध्ये अमेरिकेची लढाऊ पलटण मार्च १९६५ मध्ये उतरली. १९७३ मध्ये करार करून ती फौज परतली आणि एप्रिल १९७५ मध्ये ज्या सरकारला राखायचे होते ते पडले. अफगाणिस्तानात डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा शिरल्या, त्या फेब्रुवारी १९८९ मध्ये परतल्या. मग २००१ मध्ये अमेरिका गेली, ती ऑगस्ट २०२१ मध्ये निघाली, आणि ज्यांना हटवले होते तेच तालिबान पुन्हा काबूलमध्ये बसले. बलाढ्यांतल्या बलाढ्य राष्ट्रालाही दुसऱ्याच्या घरातला तंटा बंदुकीने मिटवता आला नाही.

आपल्या देशाचे काय? आपण दोन वेळा या वाटेने गेलो आणि दोन्ही अनुभव वेगळे आले. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराने आपल्याच लोकांवर हत्यार चालवले. सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. डिसेंबरमध्ये पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि उघड युद्ध झाले. मुक्तिवाहिनीच्या जोडीने भारतीय सेना लढली, १६ डिसेंबरला ढाका मोकळे झाले आणि मार्च १९७२ मध्ये आपली सेना परत आली. बांगलादेश बांगलादेशाच्या लोकांकडे राहिला. घर सोडणे म्हणजे काय, हे चामोर्शी-मुलचेरा भागातील मंडळींना वेगळे सांगायला नको. त्याच पूर्व बंगालातून या युद्धाच्याही आधी उठून आलेली बंगाली कुटुंबे त्यांच्या शेजारी नांदत आहेत.

दुसरा अनुभव श्रीलंकेचा. जुलै १९८७ मध्ये तेथील सरकारशी करार करून आपली शांतिसेना तमिळ भागात गेली. गेली ती दोन्ही बाजूंत शांतता राखायला. पण तीन महिन्यांत ती तमिळ वाघांशीच लढू लागली. मार्च १९९० मध्ये ती परतली तेव्हा आपले अकराशेवर जवान धारातीर्थी पडलेले होते. बोलावणे रीतसर होते, हेतू वाईट नव्हता. तरीही तेथील सिंहली नाराज, तमिळही नाराज. यादवी पुढे २००९ पर्यंत चालली.

मग याला जगात काही कायदा आहे की नाही? आहे. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने दुसऱ्या राज्याविरुद्ध बळाचा वापर करण्यास मनाई केली आहे. स्वसंरक्षण आणि सुरक्षा समितीचा ठराव हे त्याला अपवाद. भारत आणि चीन यांनी एप्रिल १९५४ मध्ये पंचशील मांडले, त्यात एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे हे एक शील आहे. १९८६ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वाच्या खटल्यात असा निर्णय दिला की, दुसऱ्या देशातील बंडखोरांना शस्त्रे आणि शिक्षण पुरवणे हीसुद्धा बेकायदा ढवळाढवळच आहे. म्हणजे स्वतःची फौज न पाठवता दुसऱ्याच्या हातात बंदूक देणाराही सुटत नाही. एखाद्या देशाच्या रीतसर सरकारने बोलावले तर मात्र जाता येते, असे मानले जाते. आणि गोम येथेच आहे. यादवीत रीतसर सरकार कोणते, हाच तर वाद असतो! २०१५ मध्ये रशिया सीरियात गेला तो तेथील सरकारच्या बोलावण्यावरून. त्याच वर्षी सौदी अरेबिया आणि त्याचे मित्र येमेनमध्ये उतरले तेही तेथील अध्यक्षांच्या बोलावण्यावरून. दोन्ही देशांत किती गावे उजाड झाली ते आपण ऐकले आहे.

तेव्हा कायदा हवाच, पण ऐकणाऱ्याने स्वतःचीही पारख ठेवली पाहिजे. पुढच्या वेळी अशी बातमी कानी पडली म्हणजे चार प्रश्न विचारा. कोणी बोलावले, आणि बोलावणाऱ्यामागे त्याच्या देशातले लोक आहेत काय? मदतीची किंमत काय ठरली, रोकड, जमीन, खाण, बंदर की तळ? परत जाण्याची तारीख किंवा अट ठरली आहे काय? आणि चौथा, फौज गेल्यावर वाद मिटवण्याची काही सोय, निवडणूक, वाटाघाट, सर्वांना मान्य असा पंच, उभी केली जात आहे काय? किष्किंधेची गोष्ट ध्यानात ठेवा असे मी म्हटले ते याचसाठी. तेथे मदत करणारा नगरात राहिला नाही आणि हरलेल्याच्या मुलालाही राज्यात जागा मिळाली. या दोन कसोट्या लावल्या तर पुष्कळ बातम्यांचा अर्थ आपोआप उलगडेल.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हा पाठ पुस्तकात एका ओळीत आटोपतो. आपण मुलांकडून एक साधा नकाशा काढून घ्यावा. त्यावर देवगड, नागपूर, पाचगाव, चांदा, बल्लारपूर ही गावे आणि वर्धा, वैनगंगा, इरई या नद्या दाखवाव्यात. मग रंगीत खडूने रघूजीची पहिली वाट, दुसरी वाट आणि ॲडम्सची वाट काढावी. चंद्रपूरला सहल नेली तर जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे दाखवावेत. त्यांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह आहे. मुलांना विचारावे, एवढा दगडी कोट असून शहर १७४९ मध्ये कसे पडले? उत्तर मुलांनाच शोधू द्यावे. वर्गात गोंड मुले असतील तर त्यांच्या घरी या राजांच्या काय गोष्टी सांगतात, ते आधी त्यांना बोलू द्यावे आणि मग आपण सांगावे. इतिहास एकाच वाड्याच्या खिडकीतून पाहण्याची सवय अशाने सुटेल.

आणि गावकरी मंडळींनाही सांगणे आहे. देशाचे भांडण आणि गावाचे भांडण यांत आकाराचा फरक असतो, जातीचा नसतो. ग्रामपंचायतीत, सोसायटीत, तलावाच्या पाण्यावर मतभेद होणारच. मतभेद असणे हा दोष नाही. त्यांचा निवाडा करण्याचा सर्वांनी मानलेला रस्ता नसणे हा दोष आहे. देवगडला तो रस्ता नव्हता, पुण्याला नव्हता, नागपूरलाही नव्हता. आपल्याकडे आज मतपेटी आहे, ग्रामसभा आहे, न्यायालय आहे. ती सावकाश चालतात, कधी कधी चुकतातही. तरी त्यांचा कंटाळा करून बाहेरचा जोर आणण्याचा मोह होईल, तेव्हा राणी रतनकुंवरची आठवण करावी. तिचा पक्ष न्यायाचा होता. तिच्या मुलाला गादी मिळालीही. पण राज्य मात्र मिळाले नाही.